एकतीस डिसेंबरच्या पिशव्या

"ज्यानं हे लिहिलं तो माणूस आता बहुधा हयात नसणार," टॉड म्हणाला, आणि मर्ना ऑस्बीने हातातला कॉफीचा कप आवाज होऊ न देता टेबलावर ठेवला. टॉडच्या मनात काही वाईट नव्हतं. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा, रक्तपेढीने मिनिआपोलिसहून बोलावून घेतलेला कंप्युटरवाला; पुढ्यात प्रोग्रॅमचा छापील गठ्ठा, उशीएवढा जाड, आणि पहिल्याच पानावर साल १९६८. आपल्या जन्माआधी जे लिहिलं गेलं त्याचा लिहिणारा मेलेलाच असतो, इतकं साधं त्याचं गणित. सभेतले बाकीचे मात्र एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. डुलुथमध्ये कोणाची फजिती झाली की माणसं सरोवराकडे बघतात. सरोवर मोठं आहे, सगळ्यांना पुरतं. शेवटी व्हर्नन स्ट्रॉडनेच तोंड उघडलं. पेढीच्या मंडळातला हा सगळ्यात जुना सभासद. त्याची उभी नोकरी जहाजांच्या इंजिनांशेजारी गेली होती, त्यामुळे हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. "हयात आहे की! मघापासून ज्या लिंबाच्या वड्या हाणतोयस ना, त्या तिनंच केल्यात."

टॉड कानापर्यंत लाल झाला. "माफ करा, मिसेस ऑस्बी. मला वाटलं..."

"वाटू दे," मर्ना म्हणाली. "मलाही अधूनमधून वाटतं."

हसणं झालं, पेढी चालवणाऱ्या डॉक्टर नायगार्डनी यंदा बर्फ लवकर पडणार असं काहीतरी म्हटलं, आणि प्रकरण मिटलं. मर्नाच्या आत ते मिटलं नाही. तिने तो गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. नोकरी सोडून तिला अकरा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत तिचं लिखाण कोणीतरी कधीच काढून टाकलं असेल, निदान ओळखू येणार नाही इतकं बदललं असेल, अशी तिने मनाची समजूत करून घेतली होती. पण पान उलटावं तिथे तीच होती. तिच्याच आखूड ओळी, आकड्यांना दिलेली तिचीच टोपणनावं, एके ठिकाणी तर 'ही सोय तात्पुरती' असा स्वतःलाच दिलेला शेरा. रोज सकाळी सहा वाजता या ओळी जाग्या होतात आणि बाद झालेल्या पिशव्यांची यादी छापतात. एकतीस वर्षं. तिने मनातल्या मनात गुणाकार केला तेव्हा उत्तर अकरा हजारांवर गेलं. अकरा हजार सकाळी. तिच्या लग्नाच्या दिवशी यादी निघाली होती. ती आगगाडीने सिअ‍ॅटलला गेली, तिथे तापाने पडली, तेव्हाही निघाली होती. नवरा, क्लिफर्ड, गेला त्या जानेवारीतल्या सकाळी ती पलंगाच्या कडेवर बसून त्याचे मोजे हातात धरून होती, आणि इथे या इमारतीत तिने चोविसाव्या वर्षी लिहिलेल्या ओळी एकामागून एक उठून आपापलं काम करत होत्या. आईला मुलाबद्दल वाटतं तसं हे नव्हतं. मूल निदान फोन करतं. हे काहीतरी तिच्याहून फार मोठं होतं, आणि गंमत म्हणजे तिच्याच हातून निघालेलं होतं. चर्चमध्ये इतकी वर्षं दर रविवारी मान खाली घालून तिने जे वाटायची वाट पाहिली, ते तिला या गठ्ठ्यापुढे वाटलं. तिला त्याची थोडी लाजही वाटली.

तेव्हा यंत्राला माहिती द्यायला भोकं पाडलेली कार्डं होती. एका कार्डात ऐंशी खाने, एकही जास्त नाही, आणि त्या ऐंशीत एका माणसाचं सगळं रक्त बसवायचं: नाव, गट, घेतल्याची तारीख, बाद होण्याची तारीख. नावाला सुरुवातीला तिने सोळा खाने दिले होते. पण हे गाव नॉर्वे-स्वीडन-फिनलंडहून आलेल्यांचं. इथली आडनावं संपता संपत नाहीत. मार्गारेट ख्रिस्टोफरसन आणि मार्गेरी ख्रिस्टोफरसन अशा दोघी एका आठवड्यात रक्त देऊन गेल्या, आणि आडनाव आधी घेणाऱ्या यंत्राने दोघींनाही 'मार्ग'पाशीच तोडलं. एकीच्या पिशवीवर दुसरीचा गट लागला. वेळेवर कळलं म्हणून निभावलं, पण मर्नाला चार दिवस जेवण गेलं नाही. मग तिने दोन खाने शोधले. सालातले पहिले दोन. तिचा वरिष्ठ हॅल्व्हर एन्गन म्हणाला, "काढ, बिनधास्त काढ. एकोणीसशे चाललंय हे शेंबड्या पोरालाही माहितीये. आणि दोन हजार साली काय, रक्त नळाला येईल." दोघं हसले होते. हसता हसता तिने एक क्षण खरंच ते साल डोळ्यांसमोर आणून पाहिलं होतं: तेव्हा आपण छप्पन्न वर्षांच्या होऊ, असं गणित केलं होतं, आणि छप्पन्न वर्षांची ती बाई तिला काही केल्या दिसेनाच. म्हणून मग तिने त्या बाईचे दोन आकडे काढून मार्गारेटला आणि मार्गेरीला देऊन टाकले. त्याच आठवड्यात तिने आणखी दोन नियम घातले. बाद होण्याची तारीख एकदा नोंदली की दोन माणसांच्या सहीशिवाय बदलायची नाही. आणि सकाळच्या यादीशी वाद घालायचा नाही. यादीत आली ती पिशवी कचऱ्यात, डोकं चालवायचं नाही. डोकं चालवल्यानेच तर माणसं मरतात, असं ती तेव्हा म्हणायची. चोविसाव्या वर्षी माणूस असलं काहीही ठामपणे म्हणतो.

"तर प्रश्न एवढाच," डॉक्टर नायगार्ड म्हणत होते, "उद्या चौदा हॉस्पिटलांना पत्र जायचंय. दोन हजार सालासाठी आम्ही तयार आहोत की नाही? टॉडची सही होईल. पण मला मर्नाचीही हवी."

"वर्ष संपायच्या आत यंत्र बंद करा आणि वह्या काढा," व्हर्नन म्हणाला. "मी तळघरात राजम्याचे चाळीस डबे भरलेत. बायको हसते. हसू दे."

"व्हर्नन, वह्यांवर आपण एक दिवस काढू शकणार नाही. दिवसाला तीनशे पिशव्या जातात," डॉक्टर म्हणाले.

"जहाजावर आम्ही सगळं हातानं..."

"जहाज बुडत होतं तेव्हा ना?"

"एकदाच," व्हर्नन दुखावून म्हणाला.

टॉडने आपले कागद सरळ केले. सगळी चाचणी झाली आहे, तो म्हणाला. गेल्या जानेवारीत इथे पहिल्यांदा लक्षात आलं: वर्षभर टिकणारा गोठवलेला प्लाझ्मा नोंदवायला घेतला, त्याची मुदत दोन हजार सालात जात होती, आणि यंत्राने शून्य शून्य म्हणजे एकोणीसशे समजून पिशव्या नाकारल्या. जूनमध्ये त्याने ते दुरुस्त केलं. आता शून्य ते एकोणपन्नास म्हणजे पुढचं शतक. घड्याळ पुढे करून एक जानेवारी पाहिला, एकोणतीस फेब्रुवारी पाहिला, सगळं व्यवस्थित. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला सगळ्यांचं नको सांगूस. एका बाईचं सांग. ली-अ‍ॅन सावेला. दहा जानेवारीच्या आसपास बाळंत व्हायची आहे. तिचं रक्त लाखांत एखाद्याशी जुळतं. पहिल्या वेळी जवळजवळ गेलीच होती. तिच्यासाठी आपल्या फ्रीझरमध्ये चार पिशव्या आहेत, दोन तिच्या, दोन बहिणीच्या, आणि या राज्यात पाचवी नाही. त्या दहा तारखेला तिथे असतील का?"

"असतील," टॉड म्हणाला. "आणि आपलं नशीब असं की जुन्या नोंदींना हातच लावावा लागला नाही. या जानेवारीच्या आधीची, दोन हजारनंतर बाद होणारी एकही पिशवी यंत्रात नाही. एकही नाही. मी शोधून पाहिलं."

डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. व्हर्ननने वडी उचलली. मर्नाला मात्र पायाखालची पायरी अचानक नसावी तसं झालं. एकही नाही? सरोवरावरून कुठलंतरी जहाज भोंगा वाजवत होतं, बंदरावरच्या उघडत्या पुलाने उलट भोंगा दिला, आणि तेवढ्या वेळात तिने तेच तेच गणित चार वेळा केलं. साधं रक्त सहा आठवडे टिकतं. प्लाझ्मा वर्षभर. पण दुर्मिळ रक्त गोठवून ठेवतात ते दहा वर्षं टिकतं. नव्वद अधिक दहा. म्हणजे हा प्रश्न या जानेवारीत नाही, नऊ वर्षांपूर्वीच यंत्रापुढे उभा राहायला हवा होता, आणि तेव्हापासून दर महिन्याला. नऊ वर्षं पेढीत कोणी अडलं नाही. तिला कोणाचा फोन आला नाही. एरवी छपाईची शाई संपली तरी तिलाच फोन यायचा. तिने टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. दाराजवळच्या खुर्चीत लुएला कांगस बसली होती, तीस वर्षं फ्रीझरची खोली सांभाळणारी. पुढच्या महिन्यात ती निवृत्त होणार होती आणि तिच्यासाठी केक सांगून ठेवलेला होता. लुएला कागदी रुमालाची घडी घालत होती, घडीची घडी, आणि रुमाल आता टपालाच्या तिकिटाएवढा झाला होता.

"पंधरा मिनिटं थांबू या," मर्ना म्हणाली.

फ्रीझरच्या खोलीत यंत्रांची घरघर इतकी होती की माणसाला मनातलं मोठ्याने बोलता यावं. लुएलाने दार लावून घेतलं आणि पाठ दाराला टेकली.

"पिशव्यांवर कुठली तारीख आहे, लुएला?"

"पिशव्यांवर खरी आहे."

"आणि यंत्रात?"

"एकतीस डिसेंबर नव्याण्णव," लुएला म्हणाली. मग जरा थांबून, "सगळ्यांची."

"किती आहेत?"

"दोनशे बारा."

मर्नाला बसायला काही सापडेना. ती लुएलाच्या रबरी बुटांच्या खोक्यावर बसली. लुएला तिच्याकडे न बघता सांगत राहिली. बावीस जानेवारी, एकोणीसशे नव्वद. त्या वर्षातली पहिली गोठवलेली पिशवी. दहा वर्षं धरून साल घातलं, शून्य शून्य. यंत्र म्हणालं, ही नव्वद वर्षांपूर्वीच बाद झाली, फेका. "नव्वद वर्षांपूर्वी! अगं, माझा आजा तेव्हा फिनलंडहून निघालासुद्धा नव्हता."

"आणि तू मला फोन नाही केलास."

"मर्ना, शनिवारी क्लिफर्डला पोचवलं होतं आपण. रविवारी मी तुझ्याकडे जेवणाचं भांडं घेऊन आले. तू दार उघडलंस आणि मला ओळखलंच नाहीस. 'कोण हवंय' म्हणालीस. सोमवारी तुला फोन करून काय सांगू, तुझं यंत्र येडं झालंय?"

तो रविवार मर्नाला आठवत नव्हता. भांडं आठवत होतं; निळं होतं, आणि ते कोणाचं हे न कळल्यामुळे ते अजून तिच्या कपाटात होतं.

"मग यंत्र घेईल ती सगळ्यात लांबची तारीख मी घातली," लुएला म्हणाली. "खरी पिशवीवर लिहिली, आणि एका कार्डावर. म्हटलं, तू सावरलीस की सांगू. मग सवय झाली. आणि नव्याण्णव साल तेव्हा किती लांब होतं! हा टॉड आला, त्यानं विचारलं, काही अडचण आहे का? मी म्हटलं, नाही. मला कसली अडचण? माझं तर चाललंय. जूननंतरच्या पिशव्या मी खऱ्या तारखेनेच घालते. जुन्यांना दोन सह्या लागतात. तुझाच नियम."

"एक तारखेला सहा वाजता यादी निघेल, लुएला. दोनशे बारा. आणि सुट्टीच्या दिवशी जे कोणी पोर कामावर असेल ते यादीप्रमाणे सगळ्या पिशव्या काढून फेकेल. तोही माझाच नियम."

"माहितीये. मी पाचला येऊन बसणार होते. यादी निघाली की घेऊन जाणार आणि शेगडीत घालणार."

"तुझी नोकरी नोव्हेंबरात संपतेय."

"किल्ली परत करणार नव्हते."

"आणि दोन तारखेला? यादी पुन्हा निघेल."

"दोन तारखेलाही."

"किती दिवस, बाई?"

"सावेलाची पोर सुटेपर्यंत तरी," लुएला म्हणाली. "पुढचं पुढे बघितलं असतं."

"आणि बर्फात गाडी अडकली असती तर?"

"मी चार चौकांवर राहते, मर्ना. मला पाय आहेत."

मग तिने कपाटाच्या तळातून एक लाकडी पेटी काढली. आत कार्डं, उभी लावलेली, कडा हाताळून मऊ झालेल्या. मर्नाने मधूनच एक ओढलं, लुएलाने जाड हातमोजे चढवून फ्रीझर उघडला, वाफेत खांद्यापर्यंत हात घातला आणि पिशवी दाखवली. तारीख जुळली. दुसरं कार्ड. जुळली. मर्नाने बारा कार्डं काढली, आणि बाराही पिशव्या लुएलाने न शोधता, सरळ हात घालून काढल्या. कुठलीही नजरेने चाचपडली नाही. नऊ वर्षांत एक आकडा चुकलेला नव्हता. अर्ध्या तासापूर्वी ज्या गठ्ठ्यापुढे मर्ना श्वास रोखून बसली होती, तो चालला होता खरा, पण या बाईने त्याला हाताला धरून चालवलं होतं, आणि त्याला ते माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. मर्नाला शरम वाटली. त्याहून जास्त जे वाटलं त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. आपण एवढ्या उंचीच्या माणसाशेजारी वीस वर्षं डबा खाल्ला आणि मान वर करून पाहिलं नाही, असं काहीसं.

"बोर्डाला सांगू नकोस," लुएला म्हणाली. "सहा आठवडे राहिलेत. केक खाऊन जाऊ दे मला. तू सही कर, आणि मग आपण दोघी गुपचूप दुरुस्त करू. दोन सह्या झाल्या की झालं. कोणाला त्रास नको."

हे करता आलं असतं. मर्नाला ते अगदी सहज दिसलं: दोन दुपारी, दोन बायका, कॉफीचा थर्मास. लुएलाची अब्रू राहिली असती, तिची स्वतःचीही. या गावात माणसं अशीच जगतात. कोणाला त्रास नको म्हणून दुखणी अंगावर काढतात आणि शेजाऱ्याला कळतं ते शवपेटी निघाल्यावर. क्लिफर्डनेही चार महिने छातीतली कळ तिच्यापासून लपवली होती, तिला त्रास नको म्हणून. हे आठवलं तशी ती खोक्यावरून उठली. "पेटी घे," ती म्हणाली.

डॉक्टर नायगार्डनी पेन पुढे केलं होतं. मर्नाने ते घेतलं नाही. "आपण तयार नाही," ती उभ्यानेच म्हणाली, आणि काय झालं ते चार वाक्यांत सांगितलं. टॉड म्हणाला, पण चाचणीत तर, आणि मध्येच थांबला, कारण त्याच्या लक्षात आलं. चाचणीत यंत्राला विचारलं होतं. यंत्राला जे सांगितलं तेच ते सांगणार. डॉक्टरांनी एकच विचारलं, "सावेलाच्या चारही?" मर्ना म्हणाली, चारही. ते हळूच खाली बसले. मग बराच वेळ सगळे सरोवराकडे बघत राहिले.

"चूक कोणाची हे पत्रात लिहावं लागेल," डॉक्टर अखेर म्हणाले.

"माझी लिहा," मर्ना म्हणाली. "मी असं यंत्र केलं, की त्याला खोटं सांगितल्याशिवाय ते खऱ्या पिशव्या ठेवून घेत नव्हतं. आणि असा नियम केला, की कोणी डोकं चालवायचं नाही. हिनं चालवलं म्हणून ते रक्त अजून आहे."

लुएला दारात पेटी पोटाशी धरून उभी होती. मग व्हर्नन उठला, डोक्यावरची लोकरी टोपी काढली, जी तो चर्चमध्येसुद्धा काढायला कुरकुरत असे, आणि स्वतःची खुर्ची कोपऱ्यातल्या कंप्युटरपाशी सरकवून म्हणाला, "बसा, बाई. वाचून दाखवा."

पहिलं कार्ड ली-अ‍ॅन सावेलाचं काढलं. लुएलाने चष्मा लावला आणि तिला साजेल अशा हलक्या आवाजात वाचलं: सतरा मार्च, शून्य चार. मर्नाने बोटं टेकवली. सतरा. तीन. मग शून्य, आणि तिथे ती थांबली. ते साल अजून कुठेच नव्हतं. कोणी त्यात जेवलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं. सरोवराच्या पलीकडच्या काठासारखं ते फक्त असणार असं सगळे धरून चालले होते. आणि या खोलीतल्या दोघींच्या भरवशावर एका पिशवीला तिथे पोचायचं होतं. तिने चार दाबला. यंत्राने दोन सह्या मागितल्या. तिने आपल्या नावाची आद्याक्षरं घातली, लुएलाने एका बोटाने आपली घातली, आणि पडदा क्षणभर रिकामा झाला.

"घेतलं?" लुएलाने विचारलं.

"घेतलं."

लुएला पुढे वाकली, नाक पडद्याला लागेल इतकी, आणि ती तारीख तिने सबंध वाचून काढली. सतरा मार्च दोन हजार चार. मग ती मागे टेकली. आता तिचा चेहरा अगदी थकलेला दिसत होता. "म्हणजे मला एक तारखेला यायला नको?"

"नको, लुएला. तू झोप त्या दिवशी."

लुएलाने मान डोलावली, पेटीतलं पुढचं कार्ड काढलं, त्याची कड अंगठ्याने दोनदा सरळ केली.

"येईन मी," ती म्हणाली. "बघून जाईन एकदा."